रविवारी दुपारी चार वाजता

इतिहासावर काहीतरी बोला, असे मला कळवण्यात आले तेव्हा आधी मी गांगरलोच. बी. ए.ला माझा विषय मराठी होता. इतिहास दुय्यम, आणि त्यातही मी काठावर पास झालेला. किल्ले, तहनामे, लढाया यांवर बोलणारी जाणती मंडळी पुष्कळ आहेत. मग लक्षात आले, की एक इतिहास माझ्या पायांना ठाऊक आहे. नव्या शहरात आलेले कुटुंब लहान मुलाला घेऊन फिरायला जाते, त्याचा इतिहास. त्याबद्दल बोलतो.

मुंबईच्या चाळींत रविवारी दुपारी चारच्या सुमाराला जिने वाजू लागत. आठवडाभर त्या जिन्यांवर पाण्याच्या बादल्या आणि पाळीला निघालेली माणसे, यांचाच आवाज. रविवारचा आवाज वेगळा. तोंडाला पांढरीफेक पावडर लावलेली पोरे, तेल चोपडून पाडलेले भांग, आईच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेल्या चपात्या, आणि एखाद्या पोराच्या पायात पावलागणिक पिपाणीसारखे वाजणारे बूट. हे चित्र इतके सवयीचे, की ते पहिल्यापासूनच असे असणार असे आपण धरून चालतो. तसे नाही. या चित्राला आधी सुटीचा दिवस लागतो. घरात बायको आणि मूल लागते. खिशाला झेपेल असे वाहन लागते, आणि 'तुमचे इथे काय काम?' असे कुणी विचारणार नाही अशी जागा लागते. यातले मुंबईच्या कामकरी माणसाला आयते काहीच मिळालेले नाही.

सुटीचेच घ्या. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या त्या १८५०च्या दशकात. पुढची तीस-पस्तीस वर्षे कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. दिवस उगवला की गिरणीत जायचे, मावळला की बाहेर पडायचे. सणावाराचे काही दिवस सुटत, पण रविवारी यंत्रे पुसायला म्हणून अर्धा दिवस जावेच लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी याविरुद्ध आवाज उठवला. जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यातली पहिलीच मागणी आठवड्याच्या सुटीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या तिच्या मागोमाग. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी लागू झाली.

रविवारच का, याला लोखंड्यांकडे आपल्या माणसांना पटेल असे कारण होते: तो खंडोबाचा वार. साहेबाचा तो चर्चचा दिवस, त्यामुळे साहेबाचीही अडचण नाही. मुसलमान कामगारांचा वार शुक्रवारचा, पण तेही रविवारवर राजी झाले. सुटी सगळ्यांना एकाच दिवशी असली तरच तिचा उपयोग, हे त्यांना पटले असावे. माझ्या अब्बांचा जुम्मा जन्मभर कामाच्या वेळेतच आला. गोदीतून धावतपळत मशिदीत आणि तिथून धावतपळत परत. रविवार मात्र ते ईदसारखा साजरा करीत. तो कुणामुळे मिळाला हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही ते चाळिशीत वाचून कळले.

सुटी मिळाली. पण फिरायला न्यायचे कुणाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिरगणत्या पाहिल्या तर मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम पाच-सहाशे बायका दिसतात. हे शहर एकट्या पुरुषांचे होते. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी इथे यायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर करायचा. बायको-मूल गावी. अब्बा १९५८ साली आले ते असेच. माझगावात आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. तीत बारा-पंधरा माणसे, भिंतीला लागून त्यांच्या ट्रंका, आणि झोपायचे ते पाळीपाळीने. अब्बा गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे बोटीवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गोणी मोजायच्या. सुरुवातीची वर्षे त्यांनी या शहरात रविवार काढले ते ट्रामने. तिकीट काढायचे आणि दादरपर्यंत जाऊन यायचे. उतरायचे नाही. उतरून जायचे कुठे?

ट्रामचे नाव निघाले आहे तर सांगतो. मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली, घोड्यांनी ओढलेली. उन्हापासून जपायला त्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालीत. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९२६ साली बस, १९३७ साली दुमजली बस. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, आणि ती पाहायला रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे उभी होती. अब्बाही होते. मेलेल्या माणसाला पोचवायला जावे तसे गेलो होतो, असे ते सांगत.

आम्ही मुंबईत आलो १९७३ साली, दिवाळीनंतर. आय, माझी थोरली बहीण आणि चार वर्षांचा मी. दाभोळला पडावातून बोटीत चढलो आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला उतरलो. धक्क्यावर एक उंच माणूस उभा होता. त्याने बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याही फिरवला. मी त्याला 'चाचा' म्हटले. खोटे नाही सांगत. गावात सुटीवर येणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला मी चाचाच म्हणत असे, आणि हाही वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्यांतला एक. तो माझा बाप आहे हे मला सांगितलेले होते, पण सांगून काय होते?

म्हणून फिरायला जाण्याला मी गंमत समजत नाही. आमच्या घरी ते कामच होते. पंधरा वर्षे एकट्याने राहिलेला एक माणूस आणि त्याला न ओळखणारे एक मूल, यांना एकमेकांची सवय व्हायची होती. दहा बाय बाराच्या खोलीत ते जमत नव्हते. तिथे अब्बा थकलेले असत आणि मी आयच्या पदराआड.

पहिल्या रविवारी ते आम्हांला माझगावच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे पाण्याच्या टाकीवर बाग आहे, लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांच्या नावाची. तिकीट नाही, बसभाडे नाही. अब्बा आमच्यापुढे दहा पावले चालत होते, एकटा माणूस चालतो तसे. आयने दोनदा हाक मारली तेव्हा थांबले. वर गेल्यावर त्यांनी मला खांद्यावर घेतले आणि खाली पसरलेली गोदी दाखवली. क्रेन, बोटी, गोदामांची पत्र्याची छपरे. "ते तिथे मी असतो," म्हणाले. मला ते कुठे असतात ते दिसले नाही. बोटी दिसल्या. आय मात्र बराच वेळ तिकडे पाहत उभी राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा दिवसभर कुठे असतो ते तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर राणीची बाग. ती तर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका बागकाम-शेतकी संस्थेने ती उभारली, १८६२ साली गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली आणि १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. प्राण्यांसाठी १८९० साली वाढवली. सालाकडे लक्ष द्या. ज्या वर्षी कामगाराला रविवार मिळाला त्याच वर्षी बागेत प्राण्यांसाठी जागा झाली. हा निव्वळ योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. पण कवी माणसाला असले योगायोग सोडवत नाहीत. पुढे बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बागच राहिली.

त्या बागेत मी काय काय पाहिले आणि काय पाहतो आहे हे मला कळले नाही, याची यादी मोठी आहे. संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. आम्ही पोरे त्याच्याभोवती पकडापकडी खेळायचो. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच त्या बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते या बागेत जोडून हत्ती पुन्हा उभा केला. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला काळ्या घोड्यावर बसलेला एक साहेब होता. तो सातवा एडवर्ड. ज्याच्यावरून काळा घोडा हे ठिकाण ओळखले जाते तोच हा घोडा, १९६५ साली इथे आणून ठेवलेला. म्हणजे मी काळ्या घोड्याला जाण्याआधी दहा-बारा वर्षे काळा घोडा पाहून ठेवला होता. शहरात नव्याने आलेल्या पोराची ओळख अशीच उलटसुलट होते. आधी वस्तू दिसते, नाव मागाहून कळते.

मी अब्बांना अब्बा कधी म्हणू लागलो ते मला आठवत नाही. आय सांगायची. चौपाटीला जायला आम्ही दुमजली बसमध्ये बसलो होतो, वरच्या मजल्यावर. तिथली सगळ्यांत पुढची, काचेजवळची जागा रिकामी दिसताच मी धावत जाऊन ती पकडली. घरची माणसे मागे राहिली. कंडक्टर आला, टिकटिक करीत त्याने विचारले, "काय रे, कुणाबरोबर आहेस तू?" मी मागे वळून बोट दाखवले आणि म्हटले, "अब्बांबरोबर." आय म्हणायची, तुझ्या अब्बांनी त्या दिवशी चौपाटीवर प्रत्येकाला वेगळी भेळ घेऊन दिली. एरवी दोघांत एक असे.

बाकीची ठिकाणे सगळ्या मुंबईकरांची तीच. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेले तारापोरवाला मत्स्यालय. गेली काही वर्षे ते बंद आहे. मलबार टेकडीवरचा कमला नेहरू पार्क १९५२ सालचा, आणि त्यातला म्हातारीचा बूट. एका इंग्रजी बालगीतातली म्हातारी बुटात राहते आणि तिला मुलेच मुले असतात, त्यावरून तो बूट केलेला आहे. गीत आम्हांला कुठले माहीत? पण एवढ्याशा जागेत इतकी माणसे राहतात हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. बहीण म्हणाली, "म्हातारीची जागा आपल्यापेक्षा मोठी आहे." हाजीअलीला भरती-ओहोटी पाहून जायचे. माहीमच्या मखदूमबाबांच्या जत्रेत पाळण्यात बसायचे. तिथे आमच्याबरोबर शेजारच्या काकूंची मुलेही असत, आणि गणपतीत त्यांच्याबरोबर आम्ही. याचे कुणाला काही वाटत नसे.

आता पुढचे सांगणे भाग आहे.

१९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी. मुंबईत नऊशे माणसे मेली. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यांत आणखी अडीचशेच्या वर. आमच्या घरातले कुणी त्यांत गेले नाही, आमची खोलीही जळली नाही, म्हणून आमच्यावर काही गुदरले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या वर्षी कित्येक महिने आमच्या घरातून रविवारी कुणी बाहेर पडले नाही. अब्बा कामावर जात, मी कामावर जात असे. कामावर जावेच लागते. फिरायला जावे लागत नाही, म्हणून भीती आधी तिथे जाऊन बसते. थोरल्या बहिणीची तीन वर्षांची मुलगी तेव्हा आमच्याकडे होती. ती दर रविवारी चार वाजता आपले बूट घेऊन दारात बसे. आम्ही तिला काहीतरी सांगून आत घेत असू.

एका रविवारी शेजारच्या काकू आपल्या नातवाला घेऊन दारात आल्या. नातू तयार, पावडर लावलेला. काकू आयला म्हणाल्या, "बागेत चाललोय. हिलाही घेते. तुम्हीही चला." आय उठली. बुरखा घ्यावा की न घ्यावा यात तिची पाच मिनिटे गेली. शेवटी घेतला. मी बरोबर गेलो.

बागेत सगळे होते तसेच होते. हत्ती होता, फुगेवाला होता, गर्दी थोडी कमी. मुले धावत सुटली. आणि माझ्या लक्षात आले, की आय आपल्या नातीला तिच्या नावाने हाक मारीत नाही. "बाळ, पडशील." "बाळ, इकडे ये." घरी ती तिला कधी बाळ म्हणत नसे. काकूंच्याही ते लक्षात आले असावे. कारण थोड्या वेळाने त्यांनीच मुलीचे नाव घेऊन मोठ्याने हाक मारली, अगदी पुऱ्या नावाने, आजूबाजूची चार माणसे वळून पाहतील इतक्या मोठ्याने. माणसे वळली आणि पुन्हा आपल्या मुलांकडे पाहू लागली. आय काही बोलली नाही. येताना मात्र तिने दोन-तीनदा मुलीला नावाने हाक मारली, काही कारण नसताना.

पुढे लोखंड्यांबद्दल वाचताना मला कळले, की १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तेव्हा याच माणसाने सर्व जातिधर्मांच्या कामगारांची सलोख्याची सभा भरवली होती. तीही राणीच्या बागेत. बरोबर शंभर वर्षे आधी. चार वर्षांनी, १८९७ साली, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना लोखंडे स्वतः गेले. ज्याने आम्हांला रविवार दिला त्याची सभा जिथे भरली, तिथे आम्ही त्या दिवशी भीत भीत शिरत होतो आणि आम्हांला पत्ताही नव्हता.

अब्बा २००४ साली गेले. जायच्या आधी काही वर्षे त्यांनी माझ्या मुलीलाही टेकडीवर नेऊन गोदी दाखवली. तोवर तिथल्या मालाची वाहतूक कंटेनरमुळे न्हावाशेवाकडे सरकली होती, गोण्या मोजायला कुणी उरले नव्हते. त्यांनी तेच वाक्य सांगितले, फक्त काळ बदलून: "ते तिथे मी असायचो."

राणीच्या बागेचे तिकीट माझ्या मुलीच्या लहानपणीही परवडणारेच होते. २०१७ साली, पेंग्विन आल्यावर, ते मोठ्या माणसाला पाच रुपयांचे पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला मिळून शंभर. सरकारी हिशेबात कुटुंब चौघांचे असते, हे मला मान्य आहे. पण मुंबईत नव्याने आलेले कुटुंब सहसा त्या हिशेबात बसत नाही. त्यात एक आजी असते, गावाहून आलेला भाचा असतो, तिसरे मूल असते. माझा धाकटा भाऊ इथेच जन्मला, तो आमच्या घरचा तिसरा. पेंग्विनांना थंडगार घर लागते आणि त्याचा खर्च असतो, हेही खरे. तरी शहरात एखादी तरी जागा अशी हवी, की तिथे जाण्याआधी घरात बेरीज करावी लागू नये. एरवी मॉल आहेत, तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. पण तिथल्या सरकत्या जिन्यापुढे पोराचा हात धरून उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. तिला कुणी अडवलेले नव्हते. दुमजली बसही गेली. जुन्या लाल डिझेलच्या गाडीची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या आहेत, त्यांच्याही वरच्या मजल्यावर पुढे काच आहे, आणि पोरे तिथेच धावत जातात.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर अलीकडे एक नवे बिऱ्हाड आले आहे. बीड जिल्ह्यातले. नवरा दोन वर्षे आधी एकटाच येऊन राहिला होता, आता बायको आणि मुलगा आले आहेत. गेल्या रविवारी चारच्या सुमाराला जिन्यात तो मला भेटला. तिघेही तयार होते. राणीच्या बागेला कुठली बस जाते, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, बस कशाला, चालत वीस मिनिटे. त्याने पोराकडे पाहिले. "चार वर्षांचा आहे. चालेल का?"

"जाताना चालेल," मी म्हटले. "येताना खांद्यावर घ्यावा लागेल."